हाडावरची साय

गोठ्यापुढच्या वाळूवर शिंगराच्या खुरांचे ठसे उमटले होते. तीन पूर्ण होते, कडा स्वच्छ, तळाशी किंचित ओल वर आलेली. चौथा, मागच्या डाव्या पायाचा, फक्त पुढच्या टोकाचा होता. कोणी बोटाने वाळू दाबून पाहावी आणि लगेच बोट उचलून घ्यावं तसा. प्रमोदिनी वाकून पाहत राहिली. काल संध्याकाळी तिने हीच जागा पाहिली होती आणि काल या ठशाला मागची कड होती. पुसट होती, पण होती. वाळू तीच, शिंगरू तेच, म्हणजे फरक पायात पडला होता. शिंगरू त्या पायावर कालच्यापेक्षा कमी भार देत होतं. एवढंच. पण एवढ्यानेच तिचा सगळा अंदाज चुकला. जिना संपला असं समजून पाय टाकावा आणि खाली आणखी एक पायरी निघावी तसं. तिच्यामागे पशुवैद्यकीय कॉलेजच्या फाटकातून सायकली आत येत होत्या. कंपाउंडच्या भिंतीवर नामांतराच्या घोषणा होत्या, त्यांच्यावर कोणीतरी चुना फिरवला होता आणि चुन्याखालून निळी अक्षरं पुन्हा वर येत होती. परभणीची सकाळ रोजच्यासारखीच सुरू झाली होती. तिने उठण्यासाठी उजवा हात जमिनीला टेकला. तिचा डावा खुबा लहानपणापासून पुरता वाकत नव्हता, त्यामुळे वाकणं आणि उठणं या दोन्हींची तिची स्वतःची पद्धत होती : डावा पाय बाजूला लांब सोडायचा, सगळं वजन उजव्या गुडघ्यावर घ्यायचं, आणि कोणी बघत असेल तर काही पडलेलं शोधत असल्यासारखं करायचं. आज मात्र तिने तसं काही केलं नाही. गोठ्याच्या दारात कडूबाई उभी होती आणि ती केव्हाची बघत होती.

कडूबाई आणि तिचा नवरा बन्सीधर वालूरहून शिंगराला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, कडब्याच्या पेंढ्यांवर निजवून घेऊन आले होते. त्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या एक घोडी असायची. गावातल्या कोणत्याही घरचा नवरदेव परण्याला, म्हणजे लग्नाआधी मारुतीच्या दर्शनाला, त्याच घोडीवरून निघायचा. त्याबद्दल काही घ्यायचं नाही, फक्त घोडीला ओवाळून घ्यायचं, असा घरचा रिवाज होता. ती घोडी शिंगराला जन्म देऊन पोटशुळाने गेली. त्याच सुमारास कडूबाईची लेक बाळंतपणाला माहेरी आली होती आणि नुकतीच बाळाला घेऊन सासरी परतली होती. घरात डिंकाचे लाडू उरले होते, अळीव उरला होता, रात्रीबेरात्री उठून दूध कोमट करायची सवय उरली होती. ते सगळं शिंगराकडे गेलं. म्हशीचं दूध, त्यात गूळ, तूप, खारकेची पूड, आणि उन्हाळ्यात नाचणीची लापशी. शिंगरू असं वाढलं की रस्त्याने जाणारे थांबून बघायचे. मग एक दिवस ते उठताना अडखळलं. मागच्या गुडघ्याला आंब्याएवढी सूज आली. प्रमोदिनीने पहिल्या दिवशी खाण्याची चौकशी केली तेव्हा बन्सीधर हसून म्हणाला होता, "शिंगराला आळीव खाऊ घालणारी सबंध जिल्ह्यात ही एकच हाय, डाक्तरीनबाई. म्या म्हन्लं, आता ह्येला काजळ बी घाल अन् पाळन्यात टाक." कडूबाई नवऱ्याकडे न बघता म्हणाली होती, "घातलं होतं काजळ. नजर लागू नाई म्हून." प्रमोदिनीने तेव्हा मान खाली घालून नोंद केली. फार भराभर वाढणाऱ्या शिंगरांत हाड कूर्चेच्या पुढे धावतं. सांध्यातली कूर्चा, म्हणजे हाडाच्या टोकावरचं गुळगुळीत पांढरं आवरण, खालून नीट पोसली जात नाही. तिचा एक तुकडा सुटतो, त्याच्याखाली हाडात खड्डा पडतो. पुस्तकात कारणांच्या यादीत अतिपोषण हा एक शब्द होता. त्या शब्दामागे एक बाई पहाटे चुलीपुढे बसून बोट घालून दुधाचा कोमटपणा बघत असेल, हे पुस्तकात नव्हतं. प्रमोदिनीने कारण सांगितलं नाही. नुसतं, "आता गूळ-तूप बंद करा, वजन वाढू द्यायचं नाही," एवढंच म्हणाली. कडूबाईने ते लगेच मानलं आणि तिच्या चेहऱ्यावरून प्रमोदिनीला कळलं की न सांगितलेलंही तिला कळलं आहे.

एक्स-रे तिच्या टेबलाच्या काचेखाली होता. दिवसातून कितीदा तरी ती तो काढून खिडकीशी धरायची. मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकावर एक काळसर वाटी, तिच्या काठाशी तांदळाच्या कणीसारखा सुटा तुकडा. काय करायचं ते तिला माहीत होतं, आणि तसं हातांनी केलेलंही या इमारतीत फक्त तिनेच होतं. फक्त शेळ्यांत. पीएच.डी.साठी तिने शेळ्यांच्या गुडघ्यातली कूर्चा खरवडून काढली होती, खालच्या हाडाला बारीक भोकं पाडून रक्त वर येऊ दिलं होतं आणि त्यावर नडगीच्या हाडावरचा पापुद्रा सोलून बसवला होता, आतली बाजू वर करून. काही महिन्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर काही सांध्यांत खरोखर नवी कूर्चा धरली होती, निळसर, चमकदार, पेशी आपापल्या घरट्यांत बसलेल्या. काही सांध्यांत नुसताच खडबडीत तंतूंचा गुंता होता. का धरली आणि का धरली नाही हे तिला पूर्णपणे कधीच उलगडलं नाही. प्रबंध पूर्ण झाला, कपाटात गेला. आता समोर शेळी नव्हती. विभागप्रमुख दिनकरराव सर सभ्य, भित्रे आणि तिच्यावर माया करणारे होते. ते म्हणाले होते, "मॅडम, शेळी भुलीतून उठताना पडली तर मेंऽ म्हणते आणि परत उठते. घोडा पडला तर पाय मोडून घेतो. तरुणपणी दुसऱ्या राज्यात असताना मी पाहिलंय. ऑपरेशन उत्तम झालं होतं. उठताना गेला." मग चष्मा पुसत म्हणाले, "पण वाढीच्या वयात सांध्यात जी ताकद असते ती पुढच्या हंगामापर्यंत राहणार नाही, हेही तुम्हीच मला शिकवलंत. भूल मी देईन. करायचं की नाही ते तुम्ही सांगा." तेव्हापासून ती सांगत नव्हती. आधी म्हणाली, सूज उतरू द्या. मग म्हणाली, औरंगाबादहून ड्रिलची बारीक पाती यायची आहेत. बंदमुळे पार्सल अडकलं तेव्हा तिला हलकं वाटलं होतं, आणि ते हलकं वाटणं तिने त्याच क्षणी ओळखलं होतं. आता पार्सलही येऊन पडलं होतं. ते तिने खणात ठेवलं आणि खण लावून घेतला.

"काल रातच्याला उठलंच न्हाई त्ये," कडूबाई गोठ्याच्या दारातून म्हणाली. "म्या म्हन्लं, झोपू दे. सकाळी बघते तर पाय वरच धरलेला. असा, बगळ्यावानी."

"दिसलं मला," प्रमोदिनी म्हणाली.

"दिसलं व्हय." कडूबाई आत वळली. शिंगराने मान उचलली, तिच्या लुगड्याच्या पदराला नाक लावलं. "आज ह्ये सोनपेठच्या बाजारात जायलेत. तिथं एकजण हाय म्हनं, लंगडं असलं तरी घेतो. कामून घेतो ते म्या इचारलं न्हाई."

बन्सीधर बाहेर निंबाच्या बुंध्याशी पटका बांधत होता. त्याला ऐकू गेलं. "कामून घेतो म्हंजी? शिंगरू हाय, काय काचंचं भांडं हाय? डाक्तरीनबाई, तुमी राग मानू नका. तुमी काय सांगना झाल्या. बरं व्हतंय म्हनना, व्हत न्हाई म्हनना. मी घर सोडून इथं कितीक दिस बसू? रान तिकडं उघडं पडलंय." त्याच्या आवाजात राग नव्हता, हैराणपणा होता. "उद्याच्याला ट्रॉली यायलीय. तुमी काय ते आज सांगा, न्हाई तर बाजार हाय."

तो गेला. प्रमोदिनी शिंगराजवळ बसली, पुन्हा तिच्या पद्धतीने, डावा पाय लांब करून. सुजेवर तळहात ठेवला. गरम होती, पण टणक नव्हती. शिंगराच्या कातडीखाली एक लाट थरथरत गेली आणि थांबली. तिने आतापर्यंत कडूबाईला नीट समजावून सांगितलं नव्हतं. समजावून सांगणं म्हणजे अर्धा शब्द देण्यासारखं वाटत होतं. आता ती बोलू लागली. हाडावर एक पातळ पापुद्रा असतो, दुधावरच्या सायीसारखा. त्या सायीत नवं वाढवण्याचा गुण असतो, लहान वयात तर फारच. नडगीवरची थोडी साय काढायची, गुडघ्यात जिथे खड्डा पडलाय तो साफ करायचा, हाडातून थोडं रक्त येऊ द्यायचं आणि त्यावर ती साय पसरायची. धरली तर तिथे नवी कूर्चा येते.

"इरजन लावल्यावानी," कडूबाई म्हणाली.

"हो. तसंच काहीसं."

"अन् लागलं न्हाई तर?"

"न लागलं तर पाय आहे तसाच राहील. किंवा भुलीतून उठताना ते धडपडलं तर पाय मोडू शकतो. मग काही करता येत नाही."

कडूबाई बराच वेळ शिंगराच्या आयाळीत अडकलेलं कडब्याचं पान काढत होती. मग तिने विचारलं. गावाकडच्या बाया विचारतात तसं, समोरच्याच्या अंगावर काय आहे ते सरळ बघत. "बाई, तुमचा ह्यो पाय. कुनी बघितला न्हवता का?"

"बघितला होता. मी सात-आठ वर्षांची होते. ताप आला आणि खुब्यात बसला. हैदराबादच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं होतं."

"मंग?"

"माझे वडील म्हणाले, थोडं थांबू."

"किती थांबले?"

"अजून थांबलेत," प्रमोदिनी म्हणाली, आणि स्वतःचंच बोलणं ऐकून तिला हसू आलं. कडूबाईही हसली, तोंडाला पदर लावून. प्रमोदिनीचा तळहात अजून त्या गुडघ्यावर होता, आणि नकळत ती तो गुडघा अगदी थोडा वाकवत होती, सरळ करत होती, वाकवत होती. शिंगरू करू देत होतं. आणि त्या हालचालीबरोबर गंगाखेडच्या घराची ओसरी तिच्यासमोर आली, सकाळची, गोदावरीवरून येणाऱ्या वाऱ्याने गार. सतरंजीवर ती उताणी, आणि आबा, तिचे वडील, तिचा पाय दोन्ही हातांत धरून कोमट करडीच्या तेलाने चोळत, वाकवत, सरळ करत. बे एके बे. वाकव. बे दुणे चार. सरळ. दुखलं की ती पाढा चुकायची आणि आबा मुद्दामच पुढचा पाढा चुकीचा म्हणायचे, म्हणजे तिला हसून दुरुस्त करावं लागे. आबा शाळेत गणित शिकवत. तेरा साते किती हे त्यांना न येण्याची शक्यताच नव्हती, पण हे तिच्या लक्षात यायला फार वर्षं लागली. शाळेत जाण्यापूर्वी रोज. सणावारी. परगावी लग्नाला गेलं तरी तेलाची बाटली पिशवीत. तिचा खुबा जेवढा वाकत होता तेवढा त्या पाढ्यांमुळे वाकत होता. हे तिला खूप नंतर, प्रबंधाच्या दिवसांत कळलं. परदेशी मासिकात एक लेख होता. सशांच्या गुडघ्यात असाच पापुद्रा बसवला होता आणि काही सशांचे पाय यंत्राने सतत, हळूहळू हलवत ठेवले होते. ज्यांचे हलवले त्यांच्यात कूर्चा धरली, ज्यांचे बांधून ठेवले त्यांच्यात नाही. ग्रंथालयातल्या लांब टेबलाशी ती तो लेख वाचत होती आणि यंत्राच्या आकृतीवर तिचं बोट थांबलं होतं. आकृतीत तिला आबांचे हात दिसले होते. तेव्हा तिला रडू आलं नव्हतं. नुसतं वाटलं होतं की ही गोष्ट घरी जाऊन सांगायला हवी. सांगितली नाही. तो विषय निघाला असता तर त्याची दुसरी बाजूही निघाली असती.

दुपारी ती जेवायला क्वार्टरवर गेली. अनंतराव, तिचे आबा, सेवानिवृत्त झाल्यापासून तिच्याकडेच राहत. त्यांनी ताटं मांडून ठेवली होती, ज्वारीच्या भाकरीवर फडकं झाकलेलं. त्यांचे हात आता कापायचे. वरण वाढताना ते पळीला डाव्या हाताचा आधार देत. ती जेवत राहिली. मग भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून तिने विचारलं, "आबा, हैदराबादला आपण परत का नाही गेलो?"

इतक्या वर्षांत तिने हे विचारलं नव्हतं. तिला वाटलं ते दचकतील. ते दचकले नाहीत. त्यांनी पळी भांड्यात ठेवली.

"जाणारच होतो," ते म्हणाले. "दर सुट्टीला जाणार होतो. तिकिटाची चौकशी करून यायचो स्टेशनावर जाऊन. तुझी आई असती तर ओढत नेलं असतं तिनं आपल्याला. पण तिथं तो दरवाजा होता बघ, हिरवा, दवाखान्यातला. डॉक्टर म्हणाले, इथपर्यंत तुम्ही, पुढं आम्ही. मला वाटायचं, ही आतून आबा म्हणून हाक मारील आणि मला आत येता येणार नाही. इतकंच. दुसरं काही नाही."

"तुम्ही मला कधी नाही म्हणालात असंही नाही."

"तेच तर." त्यांनी ताटाच्या कडेला लागलेलं वरण बोटाने पुसलं. "नाही म्हणालो असतो तर तू माझ्यावर चिडली असतीस. मोठी झाल्यावर स्वतः गेली असतीस. मी हो पण म्हणालो नाही, नाही पण म्हणालो नाही. तुला चिडायलाही काही ठेवलं नाही मी." आणि मग, जरा मिस्कील, जुन्या मास्तरी आवाजात : "जेव आता. तुझी ती वालूरची बाई वाट बघत असेल. कालच मला म्हणत होती, तुमची लेक लय चांगली हाय पर तोंडातून शब्द काढंना. मी म्हटलं, आमच्या घराण्यातच आहे ते."

तिला त्या सशांच्या लेखाबद्दल सांगायचं होतं. तिने ते सांगितलं, ताट बाजूला सारून, हाताने यंत्र कसं हलायचं ते दाखवत. आबांनी सगळं ऐकून घेतलं. शेवटी त्यांनी आपले दोन्ही हात समोर धरले, कापत असलेले, आणि त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू ते दुसऱ्या कोणाचे असावेत. "म्हणजे काहीतरी केलं म्हणायचं," ते म्हणाले. "पुष्कळ केलं," ती म्हणाली. मग ती पाणी प्यायली.

परत जाताना ऊन कलायला लागलं होतं. विभागात येऊन तिने खण उघडला, पात्यांचं पाकीट काढून निर्जंतुक करायच्या डब्यात ठेवलं. पण एवढ्याने काही ठरत नाही हे तिला ठाऊक होतं. डब्यातून वस्तू परत काढता येते. कितीदा तरी रात्री अंथरुणावर तिने मनात त्या गुडघ्याला छेद दिला होता आणि सकाळी तो कोणालाच माहीत नव्हता. गोठ्याकडे चालता चालता ती मोजदाद करत राहिली. गादीसारखा भुसा पसरायचा, उठताना चार माणसं, डोक्याशी कडूबाई, कारण शिंगरू तिच्या आवाजाला शांत होतं. नंतर रोज पाय हलवायचा, थोडा थोडा, आठवडेच्या आठवडे. ते कडूबाई करणार याबद्दल तिला शंका नव्हती. शंका होती ती फक्त साय धरण्याची, आणि भुलीतून उठण्याच्या त्या काही क्षणांची, आणि ती जाणार नव्हती. वर्षभर थांबलं तरी जाणार नव्हती. फक्त शिंगरू शिंगरू राहणार नव्हतं. भीती संपली की बोलू, असं ती समजून चालली होती. आबाही तसंच समजले असतील, प्रत्येक उन्हाळ्यात, स्टेशनाच्या खिडकीपाशी.

गोठ्यापाशी दिनकरराव सर उभे होते. बन्सीधर बाजारातून लवकर परतला होता आणि पटका सोडून मान पुसत होता. "माणूस बरा न्हाई तो," तो कोणालाच उद्देशून नसल्यासारखा म्हणाला. "पाय न्हाई, दात न्हाई, नुसतं अंगावरचं मांस दाबून बघत बसला दुसऱ्या जनावराचं. म्या बोललोच न्हाई त्याच्यासंगं." कडूबाईने तांब्याभर पाणी त्याच्यापुढे जरा जास्तच आदराने ठेवलं. सरांनी प्रमोदिनीकडे पाहिलं आणि नेहमीप्रमाणे लगेच दुसरीकडे पाहिलं, तिला वेळ मिळावा म्हणून. सगळेच तिला वेळ देत होते. किती मायेने देत होते.

ती कडूबाईसमोर जाऊन उभी राहिली. आवाज वर्गात असतो तसाच निघाला.

"कडूबाई, ते नीट चालेल असं वचन मी देत नाही. उठताना काही झालं तर ते माझ्या हातून झालं असं म्हणा, मी ऐकून घेईन. उद्या सकाळी त्याचा गुडघा मी उघडणार आहे."